शंभर किलो, गुडघ्यापर्यंत

शंभर किलो वजन जमिनीवरून उचलायचं असं मी ठरवलं, तेव्हा माझ्या मनात कुणाचंही वाईट करायचं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच आहे.

मी एकोणपन्नास वर्षांचा आहे आणि उद्वाहन परवाना कार्यालयात हेडक्लार्क आहे. उद्वाहन म्हणजे लिफ्ट. हा शब्द आमच्या खात्याबाहेर कोणी वापरत नाही, आणि खात्यातसुद्धा तो फक्त कागदावर असतो; तोंडाने आम्हीही लिफ्टच म्हणतो. कुठल्याही लिफ्टमध्ये 'जास्तीत जास्त सहा माणसं' अशी पाटी असते ना, ती लावायची परवानगी देणारा कागद माझ्या टेबलावरून पुढे जातो. कधी कधी जात नाही.

तर झालं असं की, ऑफिसात पिण्याच्या पाण्याची वीस लिटरची बाटली असते, ती संपली की नवी उचलून मशीनवर उलटी बसवावी लागते. एके दिवशी शिपाई रजेवर होता, म्हणून ती मी उचलायला गेलो. कमरेपर्यंत आली. कमरेच्या वर तिने यायला नकार दिला आणि मग ती माझ्या हातातून निसटून आवक-जावकच्या रजिस्टरवर रिकामी झाली. रजिस्टर ज्यांचं, त्या आवक-जावकच्या बाई उठल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, माझ्याहून सात वर्षांनी मोठी बाई. "सरका साहेब," म्हणाल्या, दुसरी बाटली मांडीवर टेकवली, खांद्यावर घेतली आणि उलटी करून बसवली. एक थेंब सांडला नाही. वर अगदी मायेने म्हणाल्या, "असली कामं आम्हाला सांगत जा हो. तुमचंही वय झालं आता."

'तुमचंही' मधला तो 'ही' मला झोंबला. त्याच आठवड्यात मी जिममध्ये नाव घातलं.

जिम आमच्या शेजारच्या इमारतीच्या तळघरात आहे. ती चालवणाऱ्या मॅडम एकेकाळी मोठमोठ्या स्पर्धांत वजनं उचलायच्या. आता पंचेचाळिशीच्या असतील. बोलणं मोजकं. एखादं वजन उचलताना मी दम कोंडला की म्हणायच्या, "श्वास सोडा." आणखी वजन लावू का विचारलं की म्हणायच्या, "उद्या." एवढ्या दोन वाक्यांवर त्यांनी मला तीन महिने शिकवलं.

पण त्याआधी फॉर्म होता. चाळिशीच्या पुढच्या सभासदांनी डॉक्टरांचा दाखला जोडणे आवश्यक, असं त्यात ठळक छापलेलं. आता, बावीस वर्षं मी लोकांचे अर्ज एकेका दाखल्यासाठी परत पाठवत आलो आहे. 'सोबत जोडले नाही' हा शेरा मी झोपेतही लिहू शकतो. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा मला तो दाखला म्हणजे निव्वळ छळ वाटला. डॉक्टर काय सांगणार? रक्तदाब बघणार, पोट दाबणार, आणि चालायला जा म्हणणार. मी दाखल्याच्या जागी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'तपासणी झालेली आहे.' यात खोटं काही नव्हतं. जानेवारीत मी डोळे तपासले होते.

बायकोला सांगितलं तेव्हा ती वह्या तपासत होती. ती शाळेत चित्रकला शिकवते. म्हणाली, "जा की. कंबर तेवढी सांभाळा."

पहिले सहा आठवडे फार छान गेले. त्या प्रकाराचं नाव डेडलिफ्ट. खाली वाकायचं, जमिनीवरचा लोखंडी बार धरायचा आणि उभं राहायचं, बस. नावात 'डेड' आणि 'लिफ्ट' एकत्र आलेले असताना आमच्या खात्यातल्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. पण मी चढत गेलो. तीस झाले, चाळीस झाले, पन्नास झाले. माझा दंड वाढतोय असं मला वाटायला लागलं, आणि बायकोच्या शिलाईच्या टेपने मी तो दर रविवारी मोजून घ्यायला लागलो.

सातव्या आठवड्यात साठ किलो उचलून खाली ठेवले आणि छातीत काहीतरी फडफडलं. कसं सांगू? जिना उतरताना एखादी पायरी चुकावी आणि मग तोल सावरायला माणसाने तीन पायऱ्या धावत उतराव्यात, तसं माझं हृदय उतरलं. मी घाबरून बाकावर बसलो आणि कुणाला कळू नये म्हणून बुटाची नाडी बांधायला घेतली. एकाच बुटाची नाडी मी अकरा मिनिटं बांधत होतो. मॅडम आल्या. "काय झालं?"

"नाडी," मी म्हणालो.

त्यांना ती बुटाची वाटली. मी कधी नव्हे ते खरं बोललो होतो आणि तेसुद्धा फसवण्यासाठी.

ही गोष्ट मी एकट्या मुख्याध्यापकांना सांगितली. ते आमच्या समोरच्या दारात राहतात, निवृत्त आहेत, आणि त्यांच्याकडे रक्तदाबाचं यंत्र आहे. शपथ घालून सांगितलं की कुणाला बोलायचं नाही. त्यांनी दार लावून घेतलं, शाळेच्या क्रीडादिनाचं जुनं स्टॉपवॉच काढलं आणि माझं मनगट धरून मोठ्याने आकडे मोजायला लागले. ब्याऐंशीला त्यांना शिंक आली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"माझ्या मावसभावाला असंच व्हायचं," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. गेला."

"कशाने?"

"विमानाने. मुलाकडे गेला कायमचा. मजेत आहे. पण व्हायचं त्याला असंच."

पुढे दोन दिवसांत इमारतीचं वागणं बदललं. वॉचमन मला बघून स्वतःचं स्टूल पुढे करायला लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी मी जिन्यातून जाताना रेडिओ बारीक करायला लागल्या. सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या माझ्या बायकोला. ती एकदा म्हणालीसुद्धा, "अहो, हल्ली सगळे माझ्याकडे बघून मान का हलवतात?" मी म्हणालो, "तुझ्याबद्दल आदर वाटतो त्यांना."

आता कुणीही विचारेल की बाबा, घरात का नाही बोललास? जिम का नाही सोडलीस? त्याचं कारण पुन्हा आवक-जावकच्या बाई. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सहज विचारलं होतं, "साहेब, किती उचलता हो आता?" खरं उत्तर साठ होतं. मी म्हणालो, "शंभरच्या आसपास." पुरेसं लांबून बघितलं तर साठ शंभरच्या आसपासच असतात. बाईंना इतका निखळ आनंद झाला की मला शरम वाटली. पण वाटली तेवढ्यापुरतीच. जिमचा वार्षिक दिवस पुढच्या रविवारी होता, त्यात प्रत्येक सभासद आपापलं वजन सगळ्यांसमोर उचलून दाखवणार होता. बाई म्हणाल्या, "मी येणार बघायला!"

प्रत्येकाच्या नावाची आणि वजनाची चिठ्ठी मॅडमनी स्वतः लिहून दिली होती. माझ्या चिठ्ठीवर साठ होतं, इंग्रजी आकड्यात. बावीस वर्षं मी लोकांनी कागदपत्रांत केलेली खाडाखोड पकडत आलोय. उजेडाकडे धरून, भिंगाखाली घेऊन, तिरक्या नजरेने. त्यामुळे खाडाखोड कशी करू नये हे मला चांगलं ठाऊक होतं. सहाच्या आकड्याची शेंडी ब्लेडने हलकेच खरवडली, त्याचं शून्य झालं. त्याच्या आधी एक उभी काडी ओढली. शाईसुद्धा जुळती शोधली. माझ्या हातून इतकं सफाईदार काम ऑफिसात कधी झालं नव्हतं.

रविवारी सकाळी अंग हलकं राहावं म्हणून मी काही खाल्लं नाही. उत्साह यावा म्हणून काळी कॉफी घेतली, चार कप. व्यायामाआधी घ्यायची एक पावडर मिळते, तिच्या डब्यावर 'एक चमचा' लिहिलं होतं. मी दोन घेतले, कारण वजनही जवळजवळ दुप्पट होतं. नाक वाहत होतं, त्यावर मुख्याध्यापकांनी सर्दीच्या दोन गोळ्या दिल्या. असा सगळा दारूगोळा भरून मी तळघरात उतरलो.

बायको आली होती, तिचा भाऊ आला होता, मुख्याध्यापक स्टॉपवॉच घेऊन आले होते. आवक-जावकच्या बाई पहिल्या रांगेत होत्या. मॅडम पलीकडे नावं पुकारत होत्या आणि चिठ्ठ्या बघून बारला प्लेटा लावायचं काम एका टॅक्सीवाल्या सभासदाकडे होतं. त्याने माझी चिठ्ठी बघितली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठी बघितली. "शंभर?" मी मान डोलावली. त्या क्षणीसुद्धा नाही म्हणता आलं असतं.

मी वाकलो. बार धरला. श्वास जो आत घेतला तो घेतलाच. तळघराच्या त्या टोकाकडून मॅडमचा आवाज आला, "कुणी लावले एवढे? श्वास सोडा! अहो, खाली ठेवा!" पण बार हलला होता. घोट्याच्या वर आला, पोटरीवर आला, गुडघ्याला टेकला. आणि छातीत ते सुरू झालं. या वेळी तीन पायऱ्यांवर थांबलं नाही. अख्खा जिना कोसळल्यासारखं धडधडत सुटलं, कानात ढोल, डोळ्यांपुढे काजवे. बार धाडकन पडला. त्याच्या बाजूला मी.

मी मेलो असं मला वाटत होतं, पण इतरांचं बोलणं ऐकू येत होतं. मुख्याध्यापक ओरडत होते, "पाय वर करा! पाय!" मेहुणा ओरडत होता, "डोकं वर करा!" दोघांनी आपापलं टोक धरून वर केलं आणि मी होडीसारखा झालो. मॅडमनी दोघांना बाजूला ढकललं, मला सरळ निजवलं आणि पट्टा सोडवला. ॲम्ब्युलन्स आली, पण तळघराच्या उतारावरच्या आडव्या दांड्याखालून ती आत येईना. स्ट्रेचर वळणावर अडकलं. पुरुषमंडळी ते तिरकं करावं की उभं यावर चर्चा करायला लागली. शेवटी मॅडमनी व्यायामाचा एक बाक ओढला, मला त्यावर ठेवलं, पुढून त्यांनी धरला, मागून आवक-जावकच्या बाईंनी, आणि दोघी मला घेऊन जिना चढल्या. अर्ध्या जिन्यात मी डोळे उघडले. बाई वाकून म्हणाल्या, "हलू नका साहेब, हिंदकळताय." मी डोळे पुन्हा मिटून घेतले. ते उघडून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ॲम्ब्युलन्समध्ये माझा हात बायकोच्या हातात होता आणि पायाशी मेहुणा बसला होता. आपलं आता संपलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. जाताना मनावर ओझं नको म्हणून मी बोलायला लागलो. चिठ्ठीचं सांगितलं. दाखल्याचं सांगितलं. डोळ्यांची तपासणीसुद्धा सांगितली. मग मेहुण्याकडे वळलो. "तुझं ते ड्रिल मशीन... चोरीला गेलं नव्हतं. माझ्याकडून पडून त्याचा दांडा वाकला. माळ्यावर आहे. जुन्या पडद्यांच्या मागे."

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "तुम्ही माझ्याबरोबर पोलीस चौकीत तक्रार द्यायला आला होतात."

"हो," मी म्हणालो आणि अश्रू आले. "मजकूर मीच सांगितला होता."

बायकोचा हात नुसता थरथरत होता आणि गरम लागत होता. मला वाटलं, किती जीव आहे हिचा माझ्यावर.

मेहुणा हॉस्पिटलच्या दारातूनच परत फिरला. "तुमचे जुने रिपोर्ट घेऊन येतो," म्हणाला. आमच्या घरात रिपोर्ट माळ्यावर ठेवत नाहीत, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मला तळमजल्यावर एका खोलीत निजवलं, छातीला तारा चिकटवल्या, ईसीजीची कागदाची पट्टी काढली, रक्त घेतलं. बायकोला फॉर्म भरायला चौथ्या मजल्यावर पाठवलं. ती परत आली तर एक सही राहिली होती; पुन्हा गेली. परत आली तर माझं वय चुकीचं पडलं होतं, पुन्हा गेली. मी पडल्या पडल्या विचार करत होतो की हिला एवढा वेळ का लागतो, माणूस इथे शेवटच्या घटका मोजतोय.

तेवढ्यात डॉक्टर आले. माझ्याच वयाचे, आवाज हळू, चेहरा दमलेला. त्यांनी कागदाची पट्टी बघितली. रक्ताचा रिपोर्ट बघितला. मग खुर्ची ओढून बसले आणि आज सकाळपासून काय काय पोटात गेलंय ते विचारलं. मी सांगितलं. चार कप, दोन चमचे, दोन गोळ्या. ते लिहीत होते, ते थांबले.

"आणि वजन उचलताना श्वास?"

"धरून ठेवला."

"किती वेळ?"

"पडेपर्यंत."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "हे बघा, अटॅक वगैरे काही नाही. ठोके जास्तीचे पडलेत, आणि तुम्ही जे काही पोटात घातलंय त्यावर ते पडणारच. खात्रीसाठी एक दिवस छोटं यंत्र लावू, ते चोवीस तासांचे ठोके टिपून घेतं. तुमचं हृदय तसं ठीक आहे. तुमच्यापेक्षा समंजस आहे."

मी वाचलो होतो. आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही, दोनेक सेकंद. मग ॲम्ब्युलन्समध्ये बोललेला एकेक शब्द आठवायला लागला. मरणाऱ्या माणसाने कबूल केलेलं जगणाऱ्या माणसाला निस्तरावं लागतं, याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

"यांच्या मिसेस कुठे गेल्या?" डॉक्टरांनी नर्सला विचारलं.

"चौथ्या मजल्यावर," नर्स म्हणाली. "जिन्याने वेळ लागतो ना. लिफ्ट बंद आहे दोन महिने. त्या परवान्याच्या ऑफिसात फाइल अडकलीय. शिक्का पुसट आहे म्हणे कसला तरी. कोण बसलंय तिथे देव जाणे."

तिथे मी बसलो आहे. हिरवी फाइल, डाव्या हाताचा गठ्ठा, वरून तिसरी. हॉस्पिटलचं नाव मी पन्नास वेळा वाचलं होतं. ते कुठल्या रस्त्यावर आहे, त्याला चार मजले आहेत आणि त्या मजल्यांवर माणसं चढतात, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. भार-चाचणीच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट होता. 'सुवाच्य प्रत सादर करावी' असा शेरा मारून मी ती फाइल बाजूला ठेवली होती आणि तो शेरा कळवायचं पत्र करायचं राहून गेलं होतं.

तेव्हा बायको दारात आली. कागद हातात होते. चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाचे थेंब, आणि दाराची चौकट तिने अशी धरली होती की जणू तीच चौकट तिला उभी ठेवतेय. "झालं सगळं," म्हणाली आणि खुर्चीत बसली. बसली म्हणजे जवळजवळ पडलीच.

डॉक्टर माझ्याकडे पाठ करून तिच्यासमोर बसले. मनगट धरलं. घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हात पुढे करा. बोटं पसरा." तिने पसरली. डॉक्टरांनी माझ्याच फॉर्ममधला एक कागद उचलून तिच्या बोटांवर अलगद ठेवला. तो कागद पंख्याखाली धरल्यासारखा फडफडत होता. पंखा बंद होता.

"एकशे चाळीस," डॉक्टर नर्सला म्हणाले. "यांच्या तारा काढा, यांना लावा."

मला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवलं आणि तिला पलंगावर निजवलं. डॉक्टर तिला विचारत होते. वजन कमी झालंय का? हो. उकडतं का फार? हो. झोप? नाही लागत. धडधडतं का? हो.

"केव्हापासून?"

"सात-आठ महिने झाले."

"सात-आठ महिने!" डॉक्टरांनी आवाज चढवला नाही, पण मान वर केली. "घरात नाही सांगितलं कुणाला?"

तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "राहून गेलं असेल सांगायचं."

ती तीनदा बोलली होती. एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली, "अहो, छातीत कसंतरी धडधडतं हल्ली." मी प्रथिनांवरचा लेख वाचत होतो. म्हणालो, गॅस असेल. दुसऱ्यांदा जिन्यात थांबली आणि म्हणाली, दम लागतो. मी तिला ओलांडून पुढे गेलो आणि वरून म्हणालो, व्यायाम कर. तिसऱ्यांदा ती माझा दंड मोजत होती. म्हणाली, "हात थरथरतात हो माझे, सुईत दोराही जात नाही." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "टेप नीट धर गं, दर वेळी वेगळं माप येतंय."

जिममध्ये पडलो तेव्हा लाज वाटली होती, बाकावरून नेलं तेव्हा वाटली होती, ड्रिल मशीनची वाटली होती. त्या सगळ्या लाजांची मिळून एक पायरी होईल, इतकी ही लाज उंच होती. बायकोला मला झाकायचं कारण नव्हतं. चार मजले तीनदा चढून आलेल्या माणसाने पलंगावर पडल्या पडल्या माझी अब्रू सांभाळली होती.

"राहून गेलं नाही," मी म्हणालो. "डॉक्टर, तिने सांगितलं होतं. तीन वेळा. मी ऐकलं नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बरं," आणि लिहायला लागले. बायको छताकडे बघत होती.

"आणि ती लिफ्टची फाइल," मी नर्सला म्हणालो, "ती माझ्याकडे आहे."

नर्सच्या हातातली पट्टी तिथेच थांबली.

तिच्या गळ्यातल्या ग्रंथीचं दुखणं निघालं. थायरॉइड जास्त झालं होतं. आणखी काही महिने असंच गेलं असतं तर हृदयावर बेतलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. घरी जायला मिळालं. मला मात्र ते चोवीस तासांचं यंत्र लावलं. कमरेला डबी, शर्टाच्या आत तारा. सोबत एक छापील तक्ता दिला. दिवसभरात जेव्हा छातीत काही जाणवेल तेव्हा वेळ, तुम्ही काय करत होता आणि काय वाटलं, ते लिहायचं. नर्सने बजावलं, "खरं खरं लिहा." ती ते प्रत्येकाला सांगत असावी. मला तसं वाटलं नाही.

चार दिवसांनी आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. तिचे ठोके नव्वदवर आले होते, बोटांवरचा कागद जेमतेम हलत होता. मग माझी पाळी. एका हातात यंत्राचा आलेख, दुसऱ्या हातात माझा तक्ता घेऊन डॉक्टर ताडून बघायला लागले. आणि मोठ्याने वाचायला लागले.

"'सकाळी दहा वीस. कार्यालयात हिरवी फाइल उघडली. धडधड.' आलेखात काही नाही. 'दहा पंचवीस. शिक्का भिंगाखाली पाहिला. वाचता येतो. धडधड जास्त.' काही नाही. 'दहा चाळीस. फाइल दोन महिने माझ्याकडे पडून होती असं वरिष्ठांना लेखी दिलं. आवक-जावकच्या बाईंनी ते पत्र नोंदवताना माझ्याकडे पाहिलं नाही. घाम.'" डॉक्टर थांबले. "तरीच परवा संध्याकाळी लिफ्ट सुरू झाली."

ते पुढे वाचायला लागले.

"'दुपारी एक. जिममध्ये जाऊन मॅडमची माफी मागितली. त्यांनी खाडाखोड केलेली चिठ्ठी परत दिली. म्हणाल्या, माझ्या हातून माणूस मेला असता तर मी पुन्हा बारला हात लावला नसता. कानात आवाज, तोंडाला कोरड.' इथेही काही नाही. सगळं सरळ आहे. 'दोन पंधरा. मेहुण्याला फोन. उचलला नाही.' त्यात काय वाटलं ते लिहिलेलं नाही तुम्ही."

"जागा पुरली नाही," मी म्हणालो.

शेवटची नोंद त्यांनी मोठ्याने वाचली नाही. मनात वाचली, आलेखावर बोट फिरवलं, पुन्हा वाचली. "चार वाजता तुम्ही लिहिलंय की फार धडधडलं, थांबतच नव्हतं. आलेखात त्या पाऊण तासात ठोके बहात्तर. एकसुद्धा जास्तीचा नाही. नक्की जाणवलं होतं?"

"हो."

"मग यंत्राला कसं नाही कळलं?"

बायकोने हात पुढे केला. डॉक्टरांनी तक्ता तिच्याकडे दिला. तिने पर्समधून चष्मा काढला, लावला आणि शेवटची नोंद वाचायला लागली. तिथे काय होतं ते मला पाठ होतं. 'दुपारी चार. पत्नीजवळ बसलो. त्रास पहिल्यांदा केव्हा झाला, तेव्हापासून सगळं सांग म्हणालो. तिने पाऊण तास सांगितलं. मी मध्ये बोललो नाही.' दोन ओळींचं वाचायला तिला बराच वेळ लागला. मग तिने सगळा तक्ता वरपासून वाचला, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"अहो बाई," डॉक्टर म्हणाले, "ते आमच्या रेकॉर्डला लागतं."

"झेरॉक्स पाठवते," ती उठत म्हणाली.